साडेपंधरा इंच

फोटोत मल्लेशअन्नाच्या हातात रॉकेट आहे,
मागे दत्तनगरची भिंत,
आणि कडेला भिंतीशी टेकवलेला एक धोटा.
फोटो काळा-पांढरा, चौऱ्याहत्तर सालचा,
पाठीमागे पेन्सिलीने : उडायच्या आधी.

उडाल्यानंतरचा फोटो नाही.
उडाल्यानंतर रॉकेटच नव्हतं.

धोटा मात्र अजून माळ्यावर आहे,
टोकाचं पितळ हिरवं पडलेलं.
पट्टी लावली : साडेपंधरा इंच.
फोटोत तो चार सेंटिमीटर. बाकी त्रैराशिक.
सातवीतलं त्रैराशिक
अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कामाला आलं.

अशोक चौकातल्या कारखान्यातून
सूत गुंडाळायची कागदी नळी आणली,
नाकासाठी सुताचाच एक कोन.
रद्दीचे कसले पैसे, न्या की ओ, म्हणाला मालक.
अन्नानेही हेच वापरलं असणार.
आमच्याकडे दुसरं होतं काय.

नळीवरून एक तिरकी खाच फिरत वर जाते.
ती बुजवायला लाखेत टाल्कम पावडर कालवली,
लावली, वाळवली, घासली,
दोनशेवीसचा कागद, मग चारशेचा, मग आठशेचा, पाण्यातून.
खाच दिसेनाशी झाली.
बोटाला लागतच राहिली.
आणखी चार हात.
पस्तीस वर्षं रंगाच्या कढईपुढे उभं राहून
एवढंच शिकलो :
डोळा फार लवकर समाधानी होतो.

रंगावरून भांडण झालं.
बालामणीअक्का म्हणते लाल, चादरीच्या काठासारखं.
बशीर नदाफ, ज्याने त्या दिवशी काडी ओढली होती,
शपथेवर सांगतो, पिवळं.
फोटोपुढे दोघंही खरे.
भिवंडीला अन्नाला फोन लावला.
"कुठलं रॉकेट बे?"
त्याच्या मागे माग धडधडत होते.
जेवढं ओरडून सांगता येईल तेवढं सांगितलं.
"आसंल," म्हणाला, आणि ठेवला.

मी लाल दिला. अक्का याच घरात राहते,
बशीर राहत नाही.

मग तीन पाती, चहाच्या खोक्याच्या लाकडाची,
एकशेवीस-एकशेवीस अंशांवर,
सांध्यातला गोंद करंगळीने ओढून गोल केलेला.
इतकी सरळ
की नळीतून बघत मी दोनदा स्वतःशीच हसलो.

रात्री पावणेबाराला फोन.
माग बंद. वीज गेली असणार तिकडे.
"एक पातं तिरकं होतं बे.
म्हणून ते फिरत गेलं, भोवऱ्यासारखं.
खाली सगळे हसले."
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "पिवळं होतं."

सकाळी ब्लेडने एक पातं सोडवलं.
सोबत रंगाचा पापुद्रा निघाला, नखाएवढा.
तिरकं म्हणजे किती, ते फोटोत कळत नाही,
त्या बाजूला अन्नाचा अंगठा आहे.
अंदाजाने बसवलं.
अक्का चहा घेऊन आली, म्हणाली, वाकडं बसलंय.
हो, म्हटलं.

छत्री तिनेच आत घातली.
प्लास्टिकचा गोल, सहा दोरे,
मला तासभर जमेना.
चाळीस वर्षं विड्या वळलेली तिची बोटं :
घडी, वळण, दोऱ्याचा एक वेढा, आत.
बोलत होती ती गॅसच्या नंबराबद्दल.

लालावर पिवळा सहज चढत नाही,
मी सांगायची गरज नाही, कुठलाही रंगारी सांगेल.
तीन हात दिले.
सावलीत पिवळं दिसतं.
उन्हात धरलं की आतून लाल येतो.
दुसऱ्या हातात एक डास चिकटला,
त्याला तसाच राहू दिला.

बशीर काल येऊन गेला. बघितलं,
बोललो होतो ना, म्हणाला,
आणि खिशातून नवी काडेपेटी काढून
रॉकेटशेजारी ठेवली.
मोटारीचं त्याने विचारलं नाही.
मीही काढलं नाही.
अक्काने त्यातली एक काडी घेऊन
गॅस पेटवला.